चुकायचं काम

“बायना, तू चुकायचं आहेस. विसरू नकोस.”

मी हे तिला चौथ्यांदा सांगत होतो. बायना लवटे उभी राहिली, वेणीचं टोक तोंडातून काढलं आणि म्हणाली, “सर, मोठ्यानं चुकू का बारीक आवाजात?”

“मोठ्यानं. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

“दोन छेद पाच!”

“शाब्बास. मग मी काय म्हणणार?”

“‘प्रयत्न चांगला आहे, पण उत्तर चुकलं.’ मग मी खाली बसणार आन् सुशांत उठणार.”

सुशांत शेडबाळे उठलाच होता. “पाच छेद सहा! कारण दोन आणि तीन यांचा लसावि सहा!” त्याची तयारी इतकी पक्की झाली होती की कधीकधी तो प्रश्न विचारण्याआधीच उत्तर देऊन मोकळा व्हायचा.

शेवटच्या बाकावरून टाळ्या वाजल्या. तिथं आमचे मुख्याध्यापक मगदूम सर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. तालमीत ते विद्यापीठ व्हायचे.

“फक्त हसण्याचं बघा, बिरनाळे,” ते म्हणाले. “तुम्ही भाकरीचा विनोद करता तिथं पोरं उशिरा हसतात. उद्या वेळेवर हसा रे.”

“हो सर,” सहावीची अडतीस पोरं एका सुरात म्हणाली.

ही आमची नववी तालीम होती.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. जतच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या हिवरगी गावातल्या हायस्कुलात मी तेव्हा गणित शिकवायचो. त्या वर्षी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागानं आमच्या भागातल्या अकरा शाळा निवडून एक योजना काढली. शाळेतला एक शिक्षक आणि विद्यापीठातला एक प्राध्यापक अशी जोडी लावायची. दोघांनी एकमेकांच्या वर्गात बसायचं, एकमेकांच्या अडचणी बघायच्या आणि दोघांनी मिळून शिकवणं सुधारायचं. परिपत्रक चांगलं चार पानी होतं. त्यात ‘परस्पर’ हा शब्द नऊ वेळा आला होता.

मगदूम सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “तपासणी आहे.”

“नाही सर. सहकार्य म्हटलंय.”

“बिरनाळे, तीस वर्षं नोकरी केलीय मी. वरून जीपमधून जो माणूस येतो आणि वर्गात मागं बसून लिहून घेतो, त्याला तपासणी म्हणतात. आता नवीन नाव दिलंय, एवढंच.”

चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. शेवटच्या शेऱ्यात काही वेडंवाकडं यायला नको, एवढीच त्यांची इच्छा होती.

माझी इच्छा वेगळी होती. परिपत्रकाच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं की दसऱ्यानंतर विद्यापीठात मेळावा होईल आणि निवडक जोड्या तिथं सगळ्यांसमोर पाठ घेतील. ती ओळ मी कितीदा वाचली असेल, सांगता येणार नाही. त्याच विद्यापीठाच्या गणित विभागात एम.एस्सी.ला मी प्रवेश घेतला होता. सतरा दिवस बसलो. अठराव्या दिवशी वडील गेल्याची तार आली आणि मी घरी निघून आलो, तो पुन्हा गेलोच नाही. त्या दगडी पायऱ्या चढून परत आत जायचं आणि तेही शिकवायला जायचं, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. त्यासाठी पाठ उत्तम व्हायला हवा होता. उत्तम पाठ आपोआप होतो यावर माझा तेव्हा विश्वास नव्हता.

म्हणून तालीम. विषय निवडला तो अपूर्णांकांची बेरीज. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. कोणी काय उत्तर द्यायचं, कोणी हात वर करायचा, कोणी नुसतं विचारात पडल्यासारखं दिसायचं, सगळं ठरवून दिलं. सगळीच उत्तरं बरोबर आली तर संशय येईल, हे मगदूम सरांनीच सुचवलं.

“एखादं चुकायलाच पाहिजे,” ते म्हणाले. “मीठ असतं तसं.”

तेव्हा चुकायचं काम मी बायनाला दिलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जीप आली. आतून पन्नाशीच्या, पांढरे केस तसेच ठेवलेल्या, सुती साडी नेसलेल्या बाई उतरल्या. हातात कापडी पिशवी. डॉ. वैजयंती वर्तक. मगदूम सर ‘डॉक्टर’ या शब्दावरून पुरुष धरून चालले होते, त्यामुळं त्यांच्या हातात फेटा होता. तो त्यांनी चटकन माझ्या हातात दिला आणि नारळ पुढं केला.

“अहो, हे कशाला?” वर्तक मॅडम म्हणाल्या. “मी पाहुणी नाही. मी बिरनाळे सरांची जोडीदार आहे.”

मगदूम सर एकदम गोरेमोरे झाले. “जोडीदार म्हणजे, योजनेतल्या,” मी घाईघाईनं म्हणालो.

“तर. योजनेतल्याच,” त्या हसून म्हणाल्या.

वर्गात त्यांच्यासाठी गादीची खुर्ची ठेवली होती. ती सोडून त्या शेवटच्या बाकावर दोन मुलींच्या मधे जाऊन बसल्या. बाक सहावीच्या मापाचा. बसताना गुडघा अडकला, तो काढायला दोन्ही मुलींनी मदत केली. मग त्यांनी पिशवीतून एक छापील तक्ता काढला. त्यात एकतीस मुद्दे होते आणि प्रत्येकासमोर पाच चौकोन. मगदूम सर वर्गात थांबले नाहीत. ते बाहेरच्या व्हरांड्यात, खिडकीच्या कडेला उभे राहिले. त्यांना वाटत होतं की ते दिसत नाहीत. टोपी दिसत होती.

पाठ सुरू झाला आणि फार सुरेख चालला. मी भाकरीएवढा पुठ्ठ्याचा गोल काढला, त्याचे दोन तुकडे केले, भाकरीचा विनोद केला. अडतीस पोरं एका क्षणी हसली आणि एका क्षणी थांबली. वर्तक मॅडमनी मान वर करून इकडंतिकडं बघितलं. सुशांतनं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यालाच दिलं, पण मी तिसरा प्रश्न पटकन आधी विचारून घेतला आणि सांभाळून नेलं. मग फळ्यावर लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन.

“कोण सांगेल?”

ठरलेले अकरा हात वर गेले. मी उगाचच नजर फिरवली. “अं... बायना, तू सांग.”

“दोन छेद पाच!” तिचा आवाज पार व्हरांड्यापर्यंत गेला. टोपी खूष होऊन हलली.

“प्रयत्न चांगला आहे, पण उत्तर...”

“सर,” मागून आवाज आला. वर्तक मॅडमनी शाळकरी मुलीसारखा हात वर केला होता. “मी तिला एक विचारू का?”

नऊ तालमींत हे एकदाही झालं नव्हतं. मी म्हणालो, “विचारा की.” दुसरं काय म्हणणार?

त्या बाकातून वळल्या. “बाळ, दोन छेद पाच कसं काढलंस?”

बायनानं माझ्याकडं बघितलं. मी फळ्याकडं बघितलं.

“सरांनी सांगितलंय म्हणून,” बायना म्हणाली.

व्हरांड्यात मगदूम सरांना जोराचा खोकला आला. पोरं हसली, आणि हे हसणं कोणी शिकवलेलं नव्हतं. विद्यापीठाच्या पायऱ्या माझ्या डोळ्यांसमोरून एकेक करून खाली जायला लागल्या.

आपल्यामुळं काहीतरी बिनसलं, हे बायनाच्या लक्षात आलं. ती खाली बसली नाही. उलट मला वाचवायलाच पुढं सरसावली.

“पण मॅडम, ते बरोबरपण आहे.”

“काय बरोबर आहे?”

“दोन छेद पाच. सर चूक हाय म्हणत्यात, पण ते बरोबर निघतंय. मी करून बघितलं.”

“करून बघितलंस? कसं?”

“शेळ्यांवर.”

वर्तक मॅडमनी पेन खाली ठेवलं. “सांग मला.”

बायना पुढं आली. तिच्या वडिलांची मेंढरं होती आणि जोडीला चार-दोन शेळ्या. तिनं फळ्यावर दोन रेघा मारल्या. “ह्या आमच्या दोन शेळ्या. त्यातली एक गाभण हाय. म्हंजे निम्म्या. एक छेद दोन.” मग शेजारी तीन रेघा. “ह्या मामाच्या तीन. त्यातली एक गाभण. एक छेद तीन. आता मामा आलाय वस्तीला, शेळ्या एका जागी बांधल्यात. एकूण किती? पाच. गाभण किती? दोन. म्हंजे दोन छेद पाच.” तिनं खाली पाच रेघा मारल्या आणि हात झटकले. “सर उगाच कशाला सांगतील, म्हटलं. काहीतरी आसंल त्यात. म्हणून तीन दिवस बघत होते. तर निघालं.”

मी फळ्याकडं बघत राहिलो. दोन रेघा, तीन रेघा, पाच रेघा. आठ वर्षं मी हे गणित शिकवत होतो. शेकडो पोरांनी दोन छेद पाच असं उत्तर लिहिलं होतं आणि शेकडो वेळा मी त्यावर लाल फुली मारली होती. त्या क्षणी त्या पाच शेळ्यांसमोर मला फुली मारता येईना.

“ते चूक आहे,” मी म्हणालो. “कारण लसावि सहा.”

“मग शेळ्या चूक हायत का?” बायनानं अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

“लवटे!” खिडकीतून मगदूम सर ओरडले. “वर्गात गाभण म्हणू नये!”

“मग काय म्हणायचं सर?”

सरांनी विचार केला. त्यांना दुसरा शब्द सुचला नाही. “बरं, चालू द्या,” ते म्हणाले.

आता वर्तक मॅडम उठल्या. गुडघा पुन्हा अडकला, पुन्हा सोडवला. “सर, मी प्रयत्न करू?” असं म्हणत त्या फळ्याशी आल्या. मला हायसं वाटलं. डॉक्टर होत्या, एकोणीस वर्षं भावी शिक्षकांना शिकवत होत्या. त्यांच्याकडं उत्तर असणारच.

त्यांनी एक गोल काढला. “ही भाकरी. अर्धी तू खाल्लीस.”

“ती भाकरी झाली मॅडम,” पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. “ह्या शेळ्या हायत.”

“बरोबर. हे बघ बायना, तू जे लिहिलंस ना, ते खरं म्हणजे गुणोत्तर आहे. अपूर्णांक नव्हे.”

“पण लिहायला तर सारखंच की,” बायना म्हणाली.

वर्तक मॅडमनी पुन्हा फळ्याकडं बघितलं. “हो,” त्या म्हणाल्या. “लिहायला सारखंच.”

त्यांनी पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. साडीच्या निऱ्यांवर खडूची भुकटी सांडली. सुशांतला राहवेना. तो उठून म्हणाला, “मॅडम, पाच छेद सहा, कारण दोन आणि तीन यांचा लसावि सहा!”

“पण लसावि का काढायचा, रे?” त्यांनी विचारलं.

सुशांतच्या तोंडावर मी असा प्रकार कधी बघितला नव्हता. पुढची ओळच नाही. तो हळूच खाली बसला.

तास संपल्याची घंटा झाली. पुढचा तास खेळाचा होता. कोणी उठलं नाही. मगदूम सर आत आले. मला वाटलं, आता कार्यक्रम आवरता घेणार. ते फळ्यासमोर उभे राहिले, कमरेवर हात ठेवून रेघा मोजल्या आणि म्हणाले, “पाचात दोन. बरोबरच आहे की, बिरनाळे! हिच्यात चूक कुठाय?” मग एकदम आपण कोणासमोर बोलतोय हे आठवून म्हणाले, “म्हणजे, मी हिंदीचा शिक्षक आहे.”

“मी शिक्षणशास्त्राची,” वर्तक मॅडम म्हणाल्या. “मलाही सापडत नाहीये.”

असं सरळ, कोणत्याही संकोचाशिवाय एखादा प्राध्यापक म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. आणि गंमत म्हणजे, ते ऐकल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी विद्यापीठ, मेळावा, तक्ता सगळं विसरलो. समोर एक गणित होतं आणि ते मला सुटत नव्हतं. असं मला सतरा दिवसांच्या त्या वर्गानंतर कधी वाटलं नव्हतं.

मी बायनाच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. “बायना, एक छेद दोन म्हणालीस, ते निम्म्या कशाच्या?”

“आमच्या दोन शेळ्यांच्या.”

“आणि एक छेद तीन?”

“मामाच्या तीन शेळ्यांच्या.”

“आणि हे दोन छेद पाच?”

“समद्या पाचांच्या.” ती थांबली. बोट पहिल्या रेघांवरून दुसऱ्यांवर, मग तिसऱ्यांवर गेलं. “सर, कळप बदलतोय.”

“काय?”

“दर वेळेला कळप दुसराच हाय. आधी दोनाचा, मग तिनाचा, मग पाचाचा.”

वर्तक मॅडमनी माझ्या दंडाला धरलं. इतक्या जोरात की खडू पडला. “सर, एकच कळप द्या तिला! एकच!”

“एकच कळप,” मी म्हणालो. “किती शेळ्यांचा घेऊ?”

“निम्म्या करता यायला पाहिजेत,” बायना म्हणाली, “आन् तीन वाटेपण पडायला पाहिजेत. चार घेतल्या तर तीन वाटे पडत न्हाईत.”

“नऊ घे!” कोणीतरी ओरडलं.

“नऊच्या निम्म्या कशा करशील? मधली कापतोस?”

“सहा!” ही सगळी पोरं एकदम ओरडली, आणि ओरडल्यावर त्यांची त्यांनाच गंमत वाटली.

बायनानं सहा रेघा मारल्या. “निम्म्या चरायला गेल्या. तीन. तिसरा वाटा पाण्यावर गेला. दोन. गोठ्याबाहेर किती? पाच.” तिनं खडू खाली घेतला. “सहातल्या पाच. पाच छेद सहा.”

“म्हणून सहा!” सुशांत बाकावर उभा राहून ओरडला. “सर, म्हणून लसावि सहा! लसावि म्हंजे कळप!”

त्या दिवशी माझ्या शाळेत जे हसू उसळलं ते कोणाच्या सांगण्यावरून नव्हतं. मगदूम सर इतके हसले की त्यांना टोपी काढून डोळे पुसावे लागले. वर्तक मॅडम फळ्याच्या कट्ट्यावर बसल्या होत्या, साडीला पाठीमागून पांढरा पट्टा उमटला होता आणि त्यांना त्याची खबर नव्हती.

नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा आला. मगदूम सर चहाबरोबरची बिस्किटं स्वतःच्या हातानं पुढं करत होते आणि डोळ्यांनी तक्ता शोधत होते. एकतीसपैकी चारच मुद्द्यांपुढं खुणा होत्या.

“किती तालमी केल्यात?” वर्तक मॅडमनी मला विचारलं.

मगदूम सर म्हणाले, “तालीम कसली? आमची पोरं मुळातच...”

“नऊ,” मी म्हणालो.

मगदूम सरांनी बिस्किटाची बशी खाली ठेवली.

“मी दोन केल्या,” वर्तक मॅडम म्हणाल्या. “काल संध्याकाळी, घरी. पाठ संपल्यावर तुम्हाला कोणत्या तीन सूचना द्यायच्या, त्या पाठ करून आले. यजमानांना समोर बसवून बोलून बघितल्या. ते म्हणाले, दुसरी सूचना जरा जास्त लागेल, सौम्य कर.” त्या कपाळावरचा खडू पुसायला गेल्या आणि तो आणखीच पसरला. “सर, मी एकोणीस वर्षं सांगतेय की मुलाचं चुकीचं उत्तर जपून ऐकावं. आज पहिल्यांदा एक ऐकलं. आणि ते समजायला मला चाळीस मिनिटं लागली.”

“मलापण,” मी म्हणालो.

“मग रिपोर्टमध्ये काय...” मगदूम सरांनी चाचरत विचारलं.

“ते आम्ही दोघं मिळून लिहू. जोडी आहे ना.” मग त्या माझ्याकडं वळल्या. “एक सांगा. चुकायचं काम तिलाच का दिलंत?”

प्रश्न साधा होता. मी बशीतलं एक बिस्किट उचललं आणि चहात बुडवलं.

उत्तर मला माहीत होतं. बायनाचं बिऱ्हाड दिवाळीनंतर मेंढरांमागं कृष्णाकाठाला जायचं आणि होळीला परत यायचं. वर्षातले चार महिने हजेरीपटावर तिच्या नावापुढं गैरहजेरी लागायची. बोलायला कमी, बाक कोपऱ्यातला. मी मनात तिला ‘कच्ची’ या रकान्यात टाकून ठेवली होती. ती तशीही चुकणारच, तेव्हा तिला चुकायला सांगण्यात काही वावगं नाही, असं मी धरून चाललो होतो. उलट तिला एक काम मिळतंय म्हणून मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

यातलं मी वर्तक मॅडमना काहीच सांगितलं नाही. पण मला वाटतं, त्यांना कळलं. त्यांनी तक्त्याची घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिली.

शाळा सुटल्यावर मी बायनाला हाक मारली. ती दप्तर पाठीला लावून उभी राहिली. परत काहीतरी चुकलं असणार अशी तयारी तिच्या चेहऱ्यावर होती.

“बायना, पाच छेद सहा तुला आधी येत होतं का?”

“हो सर.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवशीच. लसावि काढायचा, मग वर गुणायचं. तुम्ही फळ्यावर दोन गणितं करून दाखवली तेव्हाच आलं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

ती जरा गोंधळली. मी इतकं सोपं कसं विचारतोय, असं तिला वाटलं असावं. “तुम्ही मला दुसरं काम दिलं होतं ना,” ती म्हणाली.

मी तिला जा म्हटलं. ती गेल्यावर रिकाम्या वर्गात जाऊन बसलो. हजेरीपट काढला आणि सहावीच्या अडतीस नावांवरून एकेकदा बोट फिरवलं. कोण पक्कं, कोण कच्चं, हे मला इतक्या खात्रीनं कोणी सांगितलं होतं, ते आठवेना. कोणीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर वर्तक मॅडम दर पंधरा दिवसांनी यायच्या. आता जीप नसायची, एसटीनं यायच्या. एक तास त्या घ्यायच्या आणि मी बाकावर बसायचो, पुढचा तास मी घ्यायचो आणि त्या बसायच्या. त्यांचा पहिला पूर्ण तास इतका वाईट झाला की सहावीच्या पोरांनी त्यांना धीर दिला. मगदूम सरही कधीमधी मागं येऊन बसायचे, आता विद्यापीठ म्हणून नाही, नुसतेच.

दसऱ्यानंतरच्या मेळाव्याला आमची जोडी निवडली गेली. पाठ कोण घेणार, असं वर्तक मॅडमनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “बायना घेईल. आपण दोघं तिला प्रश्न विचारू.”

तिच्या वडिलांना, बिरू लवट्यांना, पटवायला मला दोनदा माळावर जावं लागलं. मेंढरं हलवायचे दिवस जवळ आले होते. “एकच दिवस,” मी म्हणालो. शेवटी ते म्हणाले, पोरीला एकटी लावून देणार नाही, मीही येतो.

तेव्हा त्या दगडी पायऱ्या आम्ही चौघं चढलो. मगदूम सर इस्त्रीच्या धोतरात, मी, नवा फ्रॉक घातलेली बायना आणि खांद्यावर घोंगडं टाकलेले, लाल पागोट्यातले बिरू. सभागृहात अकरा शाळांचे शिक्षक, विद्यापीठाचे प्राध्यापक आणि बी.एड.ची पोरं मिळून दीडशे माणसं असतील. बिरू आत येईनात. दारातच भिंतीला टेकून उभे राहिले.

बायनानं फळ्यावर दोन रेघा मारल्या, मग तीन. “सांगा,” ती दीडशे माणसांना म्हणाली, “ह्यात चूक कुठाय?”

एक प्राध्यापक उठून गुणोत्तराबद्दल बोलले. बायनानं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण लिहायला तर सारखंच की.” ते खाली बसले. दुसरे उठले. बी.एड.च्या एका मुलीनं लसावि सांगितला. बायना म्हणाली, “पण का काढायचा?” वर्तक मॅडम पहिल्या रांगेत बसून पदरात तोंड लपवून हसत होत्या. हळूहळू सगळ्यांनी वह्या काढल्या. रेघा मारायला लागले, शेळ्या मोजायला लागले, शेजाऱ्याशी भांडायला लागले. सभागृहाचा चौथी-पाचवीचा वर्ग झाला. फळ्याशी बायना वेणीचं टोक तोंडात धरून थांबली होती, तिला अजिबात घाई नव्हती.

मी मागं दाराशी गेलो. बिरूंच्या चेहऱ्यावर काळजी होती. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“गुरुजी,” ते हळू आवाजात म्हणाले, “पोरगी काय चुकली का?”

“नाही, बिरूतात्या.”

“मग एवढी शिकलेली माणसं लिहून काय घेत्यात?”

“ती सांगतेय ते,” मी म्हणालो.

बिरूंनी माझ्याकडं बघितलं, मग फळ्याकडं, मग त्या दीडशे वाकलेल्या मानांकडं. घोंगडं खांद्यावर नीट केलं. पायातलं पायताण दाराशी काढलं, आत आले आणि शेवटच्या खुर्चीवर टेकले.